मागे चालणारा अंतराळवीर

नाना कधी कोणाला नाव विचारत नसत. नवं माणूस समोर आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "तांदूळ कुठला खाता?"

उत्तरावरून त्या माणसाबद्दल त्यांचं मत तयार होई आणि एकदा तयार झालं की बदलत नसे. गावात नवे ग्रामसेवक आले. त्यांनी "रेशनचा" असं सांगितलं, तेव्हा नाना म्हणाले, "माणूस सरळ हाय." मुंबईहून एक गृहस्थ मोठ्या गाडीतून जमिनीचं बोलायला आले होते. ते म्हणाले, "ब्राउन राइस. डॉक्टरांनी सांगितलाय." नानांनी त्यांना पाणी दिलं आणि म्हणाले, "मंग तुमी आजारी हाव. घरी जावा, आराम करा. जमिनीचं बरं वाटल्यावर बघू." ते गृहस्थ पुन्हा दिसले नाहीत.

मला हा प्रश्न विचारला गेला तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. आम्ही कर्जतला फ्लॅटमध्ये राहायचो. बाबा नोकरीला जायचे, मी इंग्रजी शाळेत. आमचं गाव कर्जतहून खालापूरकडे जाताना लागतं. तिथलं आमचं शेत नानांच्या शेताला लागून, आणि ते नानाच करत. सुट्टीत गावी गेलं की मी बूट घालून बांधावर उभी राहायचे. खाली चिखलात उतरायचे नाही. चिखल आवडत नव्हता असं नाही, पण उतरल्यावर सगळे आपल्याकडे बघतील असं वाटायचं. नानांनी खालून विचारलं, "काय गं बाय, तुमच्या घरात तांदूळ कुठला खातात?"

मला एकच शब्द सुचला. "व्हाइट."

नानांना हसता हसता ठसका लागला. त्या दिवसापासून त्यांच्या लेखी माझं नाव व्हाइट. "व्हाइट आली का?" "व्हाइट, आईला सांग पावटे न्यायला ये." माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, मला शंका आहे.

त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम मूठभर लाल तांदूळ असत. बोलताना मध्येच दोन दाणे तोंडात टाकत. कच्चेच. लग्नाला गेले की हातात आलेल्या अक्षता टाकत नसत, दुसऱ्या खिशात भरत. "तांदूळ काय पायाखाली घालायचा असतो?" मंगलाष्टकं संपली की रिकामा हात वर करून आशीर्वाद देत आणि घरी येऊन त्या अक्षता कोंबड्यांना घालत. शेजारच्या गावात एकदा नवरीच्या मामाने म्हणे अक्षता वाटणाऱ्याला बजावलं होतं, की त्या म्हाताऱ्याच्या हातात अक्षता देऊ नका, आपल्याला कमी पडतात.

खुर्चीवर त्यांचा विश्वास नव्हता. बँकेत गेले तरी उकिडवे बसत, खुर्चीच्या शेजारी. आणि कोणी काही सांगायला लागलं की मध्येच हात वर करून म्हणत, "जसंच्या तसं सांग." कोणी काय म्हणालं, कोणत्या शब्दांत म्हणालं, तेवढंच त्यांना हवं असे. सांगणाऱ्याने आपल्या पदरचं घातलं की त्यांना लगेच कळे, असा त्यांचा दावा होता. तो दावा खोटा आहे हे मला पुढे कळलं. त्याच दाव्याची ही गोष्ट आहे.

लाल तांदळाबद्दल आधी सांगायला हवं. त्या भाताला नाव नव्हतं. नानांची आई कोंडाण्याकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिने माहेरून पदरात बांधून मूठभर भात आणला होता. तेव्हापासून तो त्यांच्या शेतात दरवर्षी थोडा तरी होत आला. कंबरेच्या वर वाढायचा, वारा आला की आडवा व्हायचा, लोंबीला लांब कुसळं आणि दाणे मोजके. बाकी सगळं गाव दुकानातून पिशवीतलं बियाणं आणायचं. नानाही बाकीच्या शेतात तेच लावत. पण दोन वाफे 'आयचा भात'. त्याचं बियाणं पडवीतल्या कणगीत, म्हणजे शेणाने सारवलेल्या बांबूच्या उंच टोपल्यात असे. कणगीला त्यांच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, नानींनीसुद्धा.

"त्या कणगीला ह्यांनी जेवढं जपलं तेवढं मला जपलं असतं," नानी म्हणायच्या.

"तुला माहेरी परत पाठवता येतं. तिला कुठं पाठवू?" नाना म्हणायचे.

गावातल्या किराणा दुकानदाराला सगळे शेठ म्हणतात. पिशवीतलं बियाणं त्याच्याकडेच मिळतं. तो नानांना बघितलं की विचारायचा, "काय नाना, आयचा भात यंदा उभा र्‍हाणार का झोपणार?"

"तुझ्यासारखा हाय तो," नाना म्हणायचे. "दुपारचा झोपतोच."

*

मी पदवी घेऊन घरी बसले होते त्या वर्षी आमच्या भागात सिनेमावाले आले. सिनेमावाले आमच्याकडे नवे नाहीत. पण हा सिनेमा वेगळा होता. देशातला सगळ्यात भव्य अवकाशपट, असं वर्तमानपत्रात येत होतं. पृथ्वीवर काही पिकेनासं झालंय, माणसं दुसऱ्या ग्रहावर गेलीत आणि तिथे एक तरुण शास्त्रज्ञ बाई पहिलं पीक काढते, अशी ती गोष्ट. सिनेमाचं नाव मी लिहीत नाही. बहुतेकांना ते आठवत नाही आणि ज्यांना आठवतं ते हसतात.

आमच्याकडे भाताची रोपं जिथे करायची ती जागा उन्हाळ्यात भाजतात. पालापाचोळा, गवत, शेण पसरून, वर माती टाकून पेटवतात. त्याला राब म्हणतात. मे महिन्यात तपकिरी शेतांच्या मधोमध हे काळे चौकोन दिसतात. मी ते लहानपणापासून बघत आले होते आणि त्यात बघण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. दिग्दर्शकाने ते ड्रोनमधून बघितले आणि त्याला त्याचा ग्रह सापडला.

दिग्दर्शक तिशीतला होता, सभ्य, आणि मराठी अजिबात न येणारा. हिंदीही तो अडखळत बोलायचा. नानांना हिंदी यायची, पण ती फक्त भांडणापुरती. युनिटमधल्या कोणीतरी विचारलं, गावात इंग्रजी येणारं कोणी आहे का. बाबांनी माझं नाव सांगितलं. मला न विचारता. अशी मी महिनाभर त्यांची दुभाषी झाले. दोन्ही भाषांत कमीत कमी बोलणाऱ्या मुलीला हे काम मिळावं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

पहिल्या दिवशी आम्ही राबाच्या कडेला उभे होतो. नाना उकिडवे बसलेले. त्यांनी दिग्दर्शकाला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"विचार त्याला, तांदूळ कुठला खातो."

मी विचारलं. तो हसून म्हणाला, की त्याने दोन वर्षांपासून भात खाल्लेला नाही. वजनासाठी.

नाना माझ्याकडे बघत होते. दिग्दर्शक माझ्याकडे बघत होता. मागे युनिटची आठ-दहा माणसं आणि बांधावर अर्धं गाव. मी म्हटलं, "बासमती खातात ते."

"तरीच," नाना म्हणाले. "वासावर जाणारा माणूस हाय. चालंल."

एवढंसं खोटं. कोणाचं काही बिघडलं नाही, उलट दोघंही खूश झाले. मला कळलं की हे काम असंही करता येतं. पुढचा महिना मी ते असंच केलं. दिग्दर्शक म्हणायचा, या म्हाताऱ्याला जरा बाजूला करा, फ्रेममध्ये येतोय. मी म्हणायचे, नाना, सावलीत बसा म्हणतात. नाना म्हणायचे, ह्याला विचार, बापाने कधी नांगर धरला होता का. मी म्हणायचे, त्यांना तुमच्या घरच्यांबद्दल जाणून घ्यायचंय. दोघांची छान मैत्री झाली. ती खरं तर माझ्याशीच होती.

दिग्दर्शकाला काळ्या राबात हिरवे कोंब उगवताना हवे होते. टँकरने पाणी आणायचं ठरलं. बियाणं कुठलं पेरायचं असा प्रश्न आला तेव्हा शेठ लगेच पिशवी घेऊन हजर. नानांनी ती पिशवी बाजूला सारली.

"व्हाइट, ह्याला विचार, त्या ग्रहावर शेठचं दुकान हाय का?"

शेठ म्हणाला, "काय पण बोलता नाना."

"बोलतो ते बरोबर बोलतो. पिशवीतलं बियाणं दरसाल नवं आणायला लागतं. तिथं कुठून आणाल? माणूस एवढ्या लांब जायचा तर घरात ठेवता येणारं बियाणं घेऊन जाईल. आयसारखं. पदरात बांधून."

हे मात्र मी जसंच्या तसं सांगितलं. दिग्दर्शकाने फोन काढून ते लिहून घेतलं आणि मला दोनदा विचारलं, पदर म्हणजे नक्की काय. तीन दिवसांनी पटकथेत त्या शास्त्रज्ञ बाईच्या आजीने दिलेली बियाण्याची पुरचुंडी आली होती.

नानांनी कणगीतलं निम्मं बियाणं काढलं. त्या सकाळी नानींनी चुलीपुढून उठून बाहेर यायलाही नकार दिला. पेरायच्या आधी नाना राबात उभे राहिले, सुपात बियाणं, आणि दिग्दर्शकाला म्हणाले, "माझ्या दोन अटी हायेत. पैशाचं नाय बोलत मी."

पहिली अट लावणीची. राबात रोपं दाट उगवतात. तिथून उपटून, मुठी बांधून, चिखल केलेल्या शेतात ती थोड्या थोड्या अंतराने लावली तर पीक येतं. "राबातच ठेवलेलं रोप म्हंजे पहिलीतच म्हातारं झालेलं पोर. त्याला पुढं काय येत नाय. तुमच्या सिनेमात राब दाखवला तर लावणी दाखवायला लागंल. नायतर लोकं म्हणतील हे खोटं हाय." दुसरी अट अशी, की शेवटी पडद्यावर नावं येतात, त्यात भाताचं नाव यायला हवं. "माझं नको. आयच्या भाताचं."

दिग्दर्शकाने नीट ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, की लावणीचं तो शूट करेल, पण सिनेमात काय राहतं ते एडिटमध्ये ठरतं. नावांचंही त्याच्या एकट्याच्या हातात नाही. तो प्रयत्न करेल, पण वचन देऊ शकत नाही.

प्रामाणिक उत्तर होतं. आता आठवलं की वाटतं, त्या महिन्यात माझ्यासमोर बोललेलं ते सगळ्यात प्रामाणिक वाक्य होतं.

नानांचा हात सुपात होता. मी म्हटलं, "हो म्हणतात."

"दोन्हीला?"

"दोन्हीला."

नानांनी पहिली मूठ राबात फेकली.

*

लावणीचं शूटिंग जूनमध्ये झालं. नायिका चंदेरी सूट घालून आली. चिखलात एक पाय घातला, तो अडकला, बूट आत राहिला आणि पाय वर आला. दुपारपर्यंत ती गाडीतून उतरली नाही. शेवटी ठरलं की पाठमोरी दुसरी कोणी व्यक्ती लावणी करेल. हेल्मेट असल्यामुळे कळणार नाही. नायिकेच्या उंचीचं आणि अंगाचं गावात एकच माणूस निघालं. नाना.

सूट चढवायला चार माणसं लागली. नाना हेल्मेटच्या आतून ओरडत होते, ते बाहेर भुंग्यासारखं ऐकू येत होतं. खिशातले तांदूळ काढून ठेवायला त्यांनी नकार दिला, म्हणून ते सूटच्या हातमोज्यात घातले. बांधावर बायका पोट धरून हसत होत्या.

"नानी, तुमचं मालक चाललं बघा आभाळात."

"जाऊ दे," नानी म्हणाल्या. "तिकडंच र्‍हावा म्हणावं. चहा मागायला हिकडं येऊ नका."

मग अडचण आली. लावणी करणारा माणूस मागे मागे सरकत लावतो. दिग्दर्शकाला अंतराळवीर पुढे चालताना हवा होता. नव्या जगात पाऊल टाकणारी माणसं मागे कशी चालतील, असं तो म्हणत होता. नानांनी हेल्मेट काढलं. घामाने त्यांचे केस कपाळाला चिकटले होते.

"त्याला सांग, पुढं चालत लावलं तर लावलेलं आपल्याच पायाखाली येतं. जो पुढं बघत चालतो त्यानं लावणीला हात लावू नये. जसंच्या तसं सांग."

मी सांगितलं, "पुढे चालताना त्यांची कंबर दुखते."

दिग्दर्शक चटकन मऊ झाला. म्हणाला, मग मागेच चालू दे.

त्या दुपारी मी जे बघितलं ते सिनेमात असतं तर मला वाटतं तो सिनेमा लोकांच्या लक्षात राहिला असता. काळसर चिखल. त्यात वाकलेला एक चंदेरी अंतराळवीर, मागे मागे सरकणारा, डाव्या हातात रोपांची मूठ. उजवा हात चिखलात जातो, वर येतो, पुन्हा जातो. तो जिथून मागे सरकला तिथे हिरव्या ओळी उभ्या राहत होत्या, दोरी धरून काढल्यासारख्या सरळ. हसणाऱ्या बायका हळूहळू गप्प झाल्या. कॅमेऱ्यामागचा माणूसही थांबा म्हणायचं विसरला. नानांनी अख्खा वाफा लावून टाकला.

नंतर दोन वर्षं आम्ही वाट बघितली. खालापूरच्या टोलनाक्याजवळ मोठं होर्डिंग लागलं. त्यावरची तारीख तीनदा बदलली. मी गावी गेले की नाना विचारत, "काय लिवलंय आता?" मी नवी तारीख सांगे. शेठ म्हणे, "काय नाना, उडताय कधी?" नाना म्हणत, "लावणी बघशील तेव्हा गप बसशील. आयच्या भाताचं नाव येणार हाय पडद्यावर. व्हाइटच्या समोर कबूल केलंय त्यानं." असं ते गावात प्रत्येकाला सांगत होते. येणाऱ्या जाणाऱ्या पाहुण्यांना, पळसदरीच्या व्याह्यांना, दुधाच्या टेंपोवाल्याला. प्रत्येक वेळी साक्षीला मी. मी मान हलवायचे. नुसती मान हलवली तर ते खोटं बोलणं होत नाही, असं मी स्वतःला सांगून ठेवलं होतं.

*

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सिनेमा खोपोलीत लागला. ऐन लावणीचे दिवस, तरी गावाने एक दिवस काम थांबवलं. दोन टेंपो भरून माणसं दुपारच्या खेळाला निघाली. नाना पांढऱ्या शर्टात. दारावरच्या मुलीने त्यांचा खिसा तपासला आणि म्हणाली, "काका, बाहेरचं खाणं आत चालत नाही."

"हे शिजवल्याशिवाय खाणं होत नाय," नाना म्हणाले. "आत चूल असंल तर काढून घे."

तिने त्यांना तसंच सोडलं.

आत त्यांनी खुर्चीवर पाय वर घेऊन उकिडवं बसायचा प्रयत्न केला. खुर्चीची घडी झाली आणि नाना तिच्या आत. त्यांना ओढून बाहेर काढेपर्यंत सिनेमा सुरू झाला होता. मी त्यांच्या शेजारी बसले.

सुरुवात खरोखर भव्य होती. यान, ढग, आवाजाने छातीत धडधडणं. मग पात्रं बोलायला लागली आणि बोलतच राहिली. मरणाऱ्या पृथ्वीबद्दल तीन जणांनी तीन भाषणं केली. मध्यंतराच्या जरा आधी वरून काळे चौकोन दिसले आणि आमच्या तीन रांगा एकदम ओरडल्या, "आपलं शेत!" शेत जांभळं केलं होतं. काही सेकंदांत ते गेलं. मध्यंतरानंतर बाईने पुरचुंडी सोडली. बियाणं कॉम्प्युटरवर केलेलं होतं, निळं चमकणारं. कोंबही निळे चमकणारे. मग पडदा काळा झाला, सहा महिन्यांनंतर अशी इंग्रजी अक्षरं आली, आणि त्याच राबात, तेवढ्याच दाटीत, छातीएवढं निळं पीक डोलत होतं. बाई त्यातून पुढे पुढे चालत आली.

नाना अंधारात उभे राहिले. "लावणी?"

"बसा हो काका," मागून कोणीतरी म्हणालं.

"आरं पण लावणी कुठं हाय? पीक आलं कसं?"

मी त्यांचा शर्ट धरून खाली ओढलं. पुढचा पाऊण तास ते खुर्चीच्या कडेवर बसून पडद्यावर लावणी शोधत होते. मागच्या रांगेत शेठ घोरत होता.

दिवे लागले. आमची माणसं उठली. "वडापाव तरी खाऊ," कोणीतरी म्हणालं, आणि सगळे बाहेर गेले. नाना उठले नाहीत. पडद्यावर नावं वर सरकायला लागली होती. इंग्रजीत. त्यांना ती वाचता येत नव्हती.

"तू वाच," ते म्हणाले. "आलं की सांग."

मी वाचत होते. नावं संपेनात. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांचीच पाच-सहाशे नावं असतील.

"ही सगळी माणसं कामाला होती?"

"हो."

"एवढ्यांत सगळ्या तालुक्याची लावणी झाली असती."

झाडूवाली दोन माणसं आत येऊन थांबली. जेवण पुरवणारे, गाड्या चालवणारे, कुत्रा सांभाळणारा, सगळ्यांची नावं गेली. मग एक छोटा गट आला, स्थानिक मदत असा, आणि त्यात माझं नाव होतं. आडनावासकट, एकही अक्षर न चुकता. त्याच्या खाली दुसराच गट सुरू झाला.

मी गप्प राहिले असते तर कोणाला कधी कळलं नसतं. आणि गप्प राहणं मला चांगलं येतं.

"नाना, माझं नाव आलं," मी म्हटलं. "तुमचं नाही. भाताचंही नाही."

"कुठं?"

"गेलं वर."

नानांनी पडद्याच्या वर, छताकडे बघितलं. "काय काम लिवलंय?"

"दुभाषी. तुमचं त्यांना सांगायचं आणि त्यांचं तुम्हाला."

नाना मान हलवून म्हणाले, "बरोबर हाय. एवढ्या सगळ्यांत तेवढं एकच काम धड झालं."

"धड नाही झालं नाना. तेव्हा ते हो म्हणाले नव्हते. प्रयत्न करतो म्हणाले होते. वचन देत नाही म्हणाले होते. हो मी म्हटलं."

नावं सरकत होती. नानांनी खिशातून दोन दाणे काढून तोंडात टाकले आणि चावत राहिले. मी पडद्याकडे बघत होते. त्यांच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

"लावणीचं? मी मागं चालतो ते त्याला पटलं ते?"

"मी सांगितलं तुमची कंबर दुखते."

"आणि बासमती?"

"ते भातच खात नाहीत."

नाना एकदम माझ्याकडे वळले. "भात खात नाय?"

"दोन वर्षं खाल्ला नव्हता म्हणाले."

"आगं मंग हे आधी नाय का सांगायचं!" त्यांचा आवाज रिकाम्या थिएटरात घुमला. झाडूवाले बघायला लागले. "बाकीचं जाऊ दे. भात न खाणाऱ्या माणसाच्या सिनेमात मी आयचं बियाणं घातलंच नसतं!" आणि ते हसायला लागले. माझ्या व्हाइटला हसले होते तसे, ठसका लागेपर्यंत. पण मध्येच थांबले, आणि हाताने डोळे पुसले, आणि ते पुसणं हसण्याचंच होतं असं मी लिहू शकत नाही. जसंच्या तसं लिहायचं तर मला माहीत नाही.

बाहेर सगळे टेंपोपाशी उभे होते. शेठच्या हातात वडापाव. इतक्या माणसांत तो मोठ्याने म्हणाला, "काय नाना! लावणी कुठं गेली? दोन वर्षं आमच्या कानात भुणभुण. आयचा भात पडद्यावर येणार, आयचा भात पडद्यावर येणार. का सोताच्याच मनानं सांगत होतात?"

सगळे हसले. वाईट हेतूने नाही, पण हसले. मी पुढे झाले. इतक्या लोकांसमोर मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. "ते नानांनी मनाने नव्हतं सांगितलं," मी म्हटलं. "ते..."

"तू थांब गं," नाना म्हणाले. त्यांनी माझा दंड धरला, बराच घट्ट. मग शेठकडे वळून म्हणाले, "आरं, कापली त्यांनी. कापणारच. माझीच लावणी वाकडी झाली होती. त्या सूटमधून काय दिसत नव्हतं. ओळी सगळ्या वाकड्यातिकड्या. अशी लावणी सिनेमात कोण ठेवंल?"

शेठ गडबडला. नानांच्या तोंडून आपली लावणी वाकडी झाली असं त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. कोणीच ऐकलं नव्हतं. नानी टेंपोत बसल्या होत्या, त्या खाली वाकून नवऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागल्या.

"आणि दुसरं सांगायचं र्‍हायलं," नाना म्हणाले. "आपल्या व्हाइटचं नाव आलंय पडद्यावर. तुमी सगळी वडापाव खायला पळालात. मी बघितलं."

परत येताना टेंपोत माझ्या नावावरून बराच गोंधळ झाला. नाना एका कोपऱ्यात उकिडवे बसून बाहेर बघत होते. टोलनाक्याचं होर्डिंग मागे गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या शेतावर गेले. खरं तर मला कर्जतला परतायचं होतं, पण गेले. आयच्या भाताचे दोन वाफे लावायचे राहिले होते. नाना एकटेच मागे मागे सरकत लावत होते आणि त्यांच्यासमोर ओळी उभ्या राहत होत्या, एका रेषेत, कुठेही न हलता. मी बांधावर उभी राहिले, नेहमीच्या जागी.

त्यांनी वर बघितलं नाही. शेजारच्या ढिगातून रोपांची एक मूठ उचलली आणि न बघताच माझ्या पायापाशी फेकली.

मी बूट काढले.